चिंता, धीर आणि श्रद्धा : चेन्नईच्या ख्रिस्ती परंपरेतून

चिंता ही मनुष्याच्या दूरदृष्टीची सावली होय. ज्याला उद्याचा विचार करता येतो त्यालाच उद्याची धास्ती वाटते. पशूला भय असते. पण ते भय समोरच्या संकटाचे असते आणि संकट टळले की तेही ओसरते. माणसाचे तसे नाही. संकट येण्यापूर्वीच तो ते अनेक वेळा भोगतो, आणि कित्येकदा जे कधी येतच नाही तेही भोगून घेतो. जगातील सर्वच धर्मांनी ह्या अवस्थेची दखल घेतली आहे. ख्रिस्ती धर्मात तर तिला फार मध्यवर्ती स्थान आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचन म्हणून प्रसिद्ध असलेल्या उपदेशात, येशूने अन्न, वस्त्र आणि उद्याचा दिवस ह्या तिन्हींविषयी चिंता न करण्यास सांगितले आहे आणि त्यासाठी आकाशातील पाखरे व रानातील फुले ह्यांचा दाखला दिला आहे.

हा उपदेश वाचताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. तो ऐकणारी माणसे सुखवस्तू नव्हती. गालील प्रांतातील कोळी, शेतकरी, मजूर आणि कर भरून भरून जेरीस आलेले लोक त्या डोंगरावर जमले होते. उद्याच्या भाकरीची चिंता करण्यास त्यांच्यापाशी पुरेशी कारणे होती. तेव्हा ‘चिंता करू नका’ हा पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला केलेला उपदेश नव्हे. शिवाय पाखरे पेरत नाहीत हे खरे असले तरी पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत ती दाणे शोधत हिंडत असतात, हेही खरे आहे. उपदेशाचा रोख श्रमाविरुद्ध नसून मनाच्या तुकड्यांविरुद्ध आहे. मूळ ग्रीक शुभवर्तमानात ‘चिंता’ ह्या अर्थी जो ‘मेरिम्ना’ हा शब्द येतो, त्याची फोड अनेक भाष्यकार ‘मनाची विभागणी’ अशी करतात. संत पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून पत्र लिहून चिंता देवावर सोपविण्यास सांगितले. पण करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, सर्व मंडळ्यांविषयी आपल्याला रोज वाटणारी काळजी सांगताना त्याने हाच शब्द स्वतःसाठीही वापरला आहे. उपदेश करणारा स्वतः चिंतामुक्त नव्हता, आणि त्याने तसे भासवलेही नाही.

जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याची कथा ह्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. राणीच्या धमकीने भयभीत होऊन एलिया रानात पळून गेला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. त्याला झोप लागली. देवदूत आला, पण त्याने ना बोध केला, ना दोष दिला. त्याने एलियाला हलवून जागे केले आणि भाकर व पाणी दाखवून खाण्यास सांगितले. एलिया जेवला व पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, तेव्हाही त्याने अन्नच दिले. देवाचा शब्द ऐकू आला तो पुढे, कित्येक दिवसांची वाट चालून गेल्यावर. धीर देण्याचा हा क्रम, म्हणजे आधी भाकर, मग झोप आणि त्यानंतर शब्द, ख्रिस्ती समाजाने नेहमीच पाळला असे म्हणता येणार नाही. परंतु जेथे जेथे त्याने तो पाळला तेथे तेथे श्रद्धेला वजन आले. चेन्नई शहराचा इतिहास ह्याची काही उदाहरणे पुरवितो.

चेन्नई (१९९६ पर्यंतचे मद्रास) हे सागरतीरावरील शहर असले तरी त्याला नैसर्गिक बंदर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम बंदराचे काम सुरू होईपर्यंत येथे येणारी जहाजे किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात नांगर टाकीत. तेथून माणसे आणि माल ‘मसुला’ नावाच्या नावांतून किनाऱ्यावर आणले जात. ह्या नावांना खिळे नसत. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. कारण किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या तडाख्यात खिळ्यांची नाव फुटे, शिवलेली नाव मात्र लवून तग धरी. हजारो मैलांचा प्रवास करून आलेले उतारू शेवटच्या मैलभर अंतरात बुडाल्याची उदाहरणे घडत. पुढे बांधलेल्या बंदरालाही १८८१ सालच्या वादळाने उद्ध्वस्त केले आणि ते पुन्हा उभारावे लागले. ह्या किनाऱ्यावरील श्रद्धास्थानांच्या कथा इतक्या वेळा समुद्रापासूनच का सुरू होतात, ह्याचे उत्तर ह्या फुटणाऱ्या लाटांमध्ये आहे.

मैलापूर भागातील लुझ चर्च हे ह्यांपैकी सर्वांत जुने मानले जाते. ‘लुझ’ हा पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ प्रकाश. परंपरा अशी की, वादळात सापडून दिशाहीन झालेल्या पोर्तुगीज खलाशांनी पवित्र मरियेचा धावा केला, तेव्हा त्यांना किनाऱ्यावर एक प्रकाश दिसला. त्या प्रकाशाच्या रोखाने ते सुखरूप जमिनीला लागले आणि त्याचा माग काढीत आत चालत गेले. ज्या जागी तो प्रकाश दिसेनासा झाला तेथे त्यांनी मरियेच्या नावाने मंदिर उभारले. त्या काळी तेथे झाडी होती, म्हणून तमिळ लोक त्याला ‘काट्टु कोविल’, म्हणजे रानातले देऊळ म्हणू लागले. चर्चमधील शिलालेखावर १५१६ हे वर्ष कोरलेले आहे. वास्तूचे आजचे रूप त्यानंतरचे असावे असे काही इतिहासकारांचे मत आहे, आणि ते ग्राह्य धरण्यास हरकत नाही. आज ते रान उरलेले नाही. ‘लुझ कॉर्नर’ हा शहरातील गजबजलेल्या चौकांपैकी एक होय, आणि तेथे बसची वाट पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपण एका प्रकाशाच्या नावाखाली उभे आहोत ह्याची जाणीव असते.

कथेची ऐतिहासिकता हा येथे मुख्य प्रश्न नव्हे. वादळ शमले असे ही कथा सांगत नाही. वादळ होते तसेच राहिले. दिसू लागली ती फक्त दिशा. ह्या किनाऱ्यावरील श्रद्धेचे हे लक्षण ध्यानात ठेवले तर पुढील काही गोष्टी समजण्यास मदत होईल.

शहराच्या नैर्ऋत्येस, विमानतळाजवळ, सेंट थॉमस माउंट नावाची सुमारे तीनशे फूट उंचीची टेकडी आहे. येशूचा शिष्य थोमा ह्याला येथे हौतात्म्य आले अशी दक्षिण भारतातील ख्रिस्ती समाजाची परंपरा सांगते. थोमा हा संशयी म्हणून प्रसिद्ध असलेला शिष्य. पुनरुत्थान झालेल्या गुरूच्या जखमांना स्वतः हात लावल्याखेरीज आपण विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणारा तो होता. भारतातील ख्रिस्ती परंपरेने आपला आद्य प्रेषित म्हणून मानावा तो नेमका ह्या संशयात्म्याला, हा योगायोग मोठा विचारप्रवर्तक आहे. टेकडीवर पोर्तुगीजांनी १५२३ साली चर्च बांधले. १५४७ साली तेथे खोदकाम करताना पहलवी लिपीतील लेख असलेला एक दगडी क्रूस सापडला आणि तो आज वेदीवर बसविलेला आहे. पोप दुसरे जॉन पॉल हे फेब्रुवारी १९८६ मध्ये ह्या टेकडीवर येऊन गेले.

हे चर्च ज्या रूपातील मरियेला अर्पण केलेले आहे ते रूप मोठे अर्थपूर्ण आहे. ती बाळाला कडेवर घेतलेली माता नव्हे, तर बाळाची वाट पाहणारी, दिवस भरत आलेली माता होय. तिचा सण १८ डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या ठीक एक आठवडा आधी येतो. प्रसूती हा स्त्रीच्या दृष्टीने पुनर्जन्मच, असे आपल्याकडे म्हणतात. रुग्णालये आणि रक्तपेढ्या नसलेल्या काळात ते अक्षरशः खरे होते. आपल्याही आधी ह्या धास्तीतून एक स्त्री गेली आहे, आणि तीही घरापासून दूर, परक्या गावी, गोठ्यात, एवढी जाणीव टेकडी चढणाऱ्या गर्भवतीला किती आधार देत असेल ह्याची कल्पना करता येते. येथे चिंतेचे निवारण होण्याआधी तिला सोबत मिळते.

टेकडीवर जाण्यासाठी पायऱ्या आहेत. त्या पेट्रस उस्कान ह्या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधविल्या. त्या काळी शहरातून टेकडीकडे येताना अड्यार नदी आडवी येत असे आणि पावसाळ्यात ती ओलांडणे जोखमीचे असे. उस्काननेच १७२६ साली स्वतःच्या खर्चाने तिच्यावर पूल बांधला. यात्रेकरूंच्या मनःशांतीसाठी प्रार्थना करणारे पुष्कळ असतात. नदीवर पूल बांधणारे विरळाच.

मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल असे एक उदाहरण फोर्ट सेंट जॉर्ज ह्या किल्ल्यातील सेंट मेरीज चर्चमध्ये आहे. २८ ऑक्टोबर १६८० रोजी अर्पण झालेले हे चर्च भारतातील सर्वांत जुने अँग्लिकन चर्च होय. त्याचे छप्पर विटांच्या भक्कम कमानींचे, तोफगोळा पडला तरी ढासळू नये असे बांधलेले आहे. त्याचा आराखडा एका तोफखाना-अधिकाऱ्याने केला असे सांगतात. १७५८-५९ सालच्या फ्रेंचांच्या वेढ्यातूनही ते उभे राहिले. देव हा दुर्ग आहे अशी उपमा स्तोत्रकारांनी वारंवार वापरली आहे. मद्रासच्या इंग्रजांनी मात्र उपमेवर विसंबून न राहता ती चुन्याविटांत बांधून काढली! ह्याच चर्चमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लंडनहून घडवून आणलेले एक संगमरवरी स्मारक आहे. ते क्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्ट्झ ह्या जर्मन मिशनऱ्याचे. त्याची कहाणी तंजावरच्या मराठी राजघराण्याशी निगडित आहे.

श्वार्ट्झचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. १७५० साली तो तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत आला. पुढे तिरुच्चिरापल्लीला व शेवटी तंजावरला राहिला. मायदेशी तो पुन्हा कधी गेला नाही. तमिळ तर तो बोलतच असे. त्याखेरीज फारसी, हिंदुस्थानी आणि तंजावरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठीही त्याने आत्मसात केली होती. हैदरअलीशी झालेल्या युद्धाच्या काळात, १७८० नंतर, तंजावरच्या किल्ल्यात अन्नाचा तुटवडा पडला. खेड्यांतील लोकांपाशी धान्य होते, बैलही होते; पण ते किल्ल्यात आणण्यास कोणी तयार होईना, कारण यापूर्वी आणलेल्या मालाचे पैसे त्यांना मिळाले नव्हते. राजाच्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि कंपनीच्या शब्दावरही नव्हता. अखेर श्वार्ट्झने पैशांची हमी स्वतःच्या नावावर दिली आणि लोकांनी धान्य आणले. त्याआधी, भाव कमी असतानाच त्याने तांदूळ विकत घेऊन साठविला होता व दुष्काळ पडल्यावर तो गरिबांना वाटला होता. उद्याची चिंता करू नये असा उपदेश करणाऱ्या ह्या धर्मोपदेशकाने उद्याच्या तांदळाची तजवीज आज केली होती, ही विसंगती नव्हे. स्वतःसाठी केलेली चिंता आणि दुसऱ्यासाठी केलेली तरतूद ह्यांतील भेद त्याला कळला होता एवढेच.

१७८७ साली तंजावरचे राजे तुळजाजी मृत्युशय्येवर होते. त्यांनी भोसले घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील सरफोजी नावाचा दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे पालकत्व श्वार्ट्झने स्वीकारावे अशी इच्छा प्रकट केली. श्वार्ट्झ संकोचला. एका परदेशी धर्मोपदेशकाच्या हाती राज्य व वारस सोपविणे म्हणजे मुलावर घरातीलच शत्रू ओढवून घेणे होईल असे त्याला वाटले, आणि त्याने तुळजाजींचे बंधू अमरसिंह ह्यांच्याकडे कारभार द्यावा असे सुचविले. हा सल्ला चुकला. तुळजाजींच्या मृत्यूनंतर दत्तकविधान अशास्त्र ठरविण्यात आले आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. सरफोजीला अंधाऱ्या जागी कोंडून ठेवण्यात आले व त्याच्या शिक्षणाचीही आबाळ होऊ लागली. वडील गेलेले, जन्मदाते आईबाप दुरावलेले, आणि ज्याच्या ताब्यात राहायचे त्यालाच आपले असणे गैरसोयीचे, अशा दहाअकरा वर्षांच्या मुलाच्या रात्री कशा जात असतील?

श्वार्ट्झच्या चरित्रातील थोरवी ह्यापुढे दिसते. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून तो स्वस्थ बसला नाही. आपल्या सल्ल्यातून जे घडले त्याची जबाबदारी त्याने पत्करली. मद्रास सरकारकडे त्याने पुनःपुन्हा दाद मागितली, मुलाच्या रक्षणाची व्यवस्था करविली, आणि अखेर १७९३ साली सरफोजी व तुळजाजींच्या राण्या ह्यांना मद्रासला सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले. तेथे गेरिके ह्या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याने सरफोजीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. दत्तकविधानाचा प्रश्न पंडितांपुढे पुन्हा मांडला गेला, पहिला निर्णय फिरला आणि १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. श्वार्ट्झला मात्र तो दिवस पाहावयास मिळाला नाही. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला तो मरण पावला.

सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा जो प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे तो त्यांनीच १८०३ साली कोरविला. आपल्या पूर्वजांचा धर्म त्यांनी अखेरपर्यंत पाळला. पण श्वार्ट्झच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडमधील प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन ह्याच्याकडून एक संगमरवरी शिल्प करवून घेतले व ते तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. त्यात वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर पडलेला आहे आणि तरुण राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. आश्रयदाता आणि आश्रित ह्यांच्या जागा ह्या शिल्पात बदलल्या आहेत. एके काळी ज्याने आधार दिला त्यालाच आता आधार दिला जात आहे. धर्म न बदलताही दैवी काळजीचा अनुभव एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, ह्याचे इतके उत्तम चित्र क्वचितच सापडेल. १८०१ साली सरफोजींनी तंजावरच्या अन्नछत्रांचे महत्त्व सांगणारे एक पत्र इंग्रज रेसिडेंटला लिहिले. छत्रांत वाटसरूंना जेवण मिळते, आजाऱ्यांना औषध मिळते, गर्भवतींची शुश्रूषा होते आणि प्रवासात आईबाप दगावलेल्या मुलांचा सांभाळ होतो, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. ही परंपरा त्यांच्या घराण्यात आधीपासून होती. तिचे श्रेय श्वार्ट्झला देणे योग्य होणार नाही. मात्र पोरक्या मुलांचा उल्लेख करताना लिहिणाऱ्याला स्वतःचे बालपण आठवले नसेल असे म्हणवत नाही.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. चेन्नईच्या दक्षिण भागात, बेझंट नगरच्या किनाऱ्यावर, अन्नै वेळांकण्णीचे मंदिर आहे. ‘अन्नै’ म्हणजे आई. मूळ वेळांकण्णी शहरापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर, नागपट्टिनम जिल्ह्यात, समुद्रकाठीच आहे. तेथील कथांतही वादळात सापडून वाचलेले पोर्तुगीज खलाशी आहेतच. शिवाय दूध नेणारा एक पोर आणि ताक विकणारा एक पांगळा मुलगाही आहे. १९७०च्या दशकात उभे राहिलेले बेझंट नगरचे मंदिर ही जणू त्याची चेन्नईतील शाखा होय. दोन्ही ठिकाणी २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, उत्सवाची सांगता होते. ह्या दिवसांत भगवी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू चेन्नईहून वेळांकण्णीपर्यंत पायी निघतात. त्यांत हिंदूही असतात. पंढरीच्या वाटेवरील दिंड्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. नवस मात्र अगदी साधे असतात: नोकरी, लग्न, मूल, कर्ज, आजार. थोर अध्यात्माची अपेक्षा करणाऱ्यास ते क्षुद्र वाटतील. पण प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर मागितलेली आहे, आणि तीही फक्त आजच्यापुरती, हे अशा टीकाकाराने लक्षात घ्यावे.

ह्या श्रद्धेची सर्वांत कठोर परीक्षा २६ डिसेंबर २००४ रोजी झाली. नाताळाच्या दुसऱ्या दिवशीचा तो रविवार होता. सुमात्राजवळच्या समुद्रतळाशी झालेल्या प्रचंड भूकंपामुळे उठलेल्या सुनामी लाटा सकाळी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. राज्यात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यातील होती. चेन्नईत कोळ्यांच्या वस्त्या वाहून गेल्या. सांथोम येथील थोमाच्या कबरीवरील भव्य चर्च समुद्रापासून अगदी जवळ असूनही त्यात पाणी शिरले नाही. थोमाने किनाऱ्यावर रोवलेला एक खांब तेथे आहे, आणि समुद्र त्याच्या पुढे येणार नाही असे त्याने सांगितले होते, अशी समजूत आहे. ती त्या दिवसांत सर्वतोमुखी झाली.

पण वेळांकण्णीला काय घडले? तेथेही मंदिर वाचले. मात्र नाताळासाठी आलेले आणि त्या सकाळी किनाऱ्यावर असलेले शेकडो यात्रेकरू लाटांनी ओढून नेले. ते नवस फेडण्यासाठी आले होते, आईच्या दारी आले होते. ज्या श्रद्धेने सांथोमच्या बचावाला चमत्कार म्हटले तिला वेळांकण्णीच्या किनाऱ्यापुढे मौन धरावे लागते. वाचलेला तो देवाचा लाडका, असे एकदा म्हटले की बुडालेल्यांविषयी काहीतरी भयंकर बोलावे लागते. शुभवर्तमान स्वतः असे बोलत नाही. चिमण्यांच्या प्रसिद्ध दृष्टांतात, पित्याला ठाऊक असल्याखेरीज एकही चिमणी जमिनीवर पडत नाही, अशा आशयाचे वचन आहे. त्यात चिमणी पडत नाही असे म्हटलेले नाही. ती पडते, परंतु बेदखल होऊन पडत नाही. हे सांत्वन पुरेसे आहे की नाही, हे ज्याचे मूल त्या लाटांत गेले त्यानेच ठरवावे. इतरांनी ते त्याच्या वतीने ठरवू नये.

सांथोमच्या चर्चने त्या दिवशी केलेली दुसरी गोष्ट खांबापेक्षा अधिक निश्चित आहे. वस्त्यांतून ओल्या कपड्यांनिशी पळत आलेल्या हजारो माणसांना त्याने आश्रय दिला. त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. तेथे त्यांना अन्न मिळाले आणि अंग टेकायला जागा मिळाली. एलियाला दिला तोच क्रम, तोच शिधा.

शब्दांनी दिलेल्या धीराचेही एक मोठे उदाहरण ह्याच शहरात आहे. डी. जी. एस. दिनकरन (१९३५-२००८) हे १९५५ साली, बेकारी व निराशा ह्यांनी ग्रासलेल्या अवस्थेत, रेल्वेच्या रुळांकडे जीव देण्यासाठी निघाले होते. वाटेत त्यांना त्यांचे एक नातलग भेटले आणि ख्रिस्ताविषयी त्यांच्याशी बोलले, असे त्यांनी स्वतः आयुष्यभर सांगितले. पुढे बँकेत नोकरी करता करता ते प्रवचने करू लागले. त्यांच्या कार्याचे नाव ‘येसु अळैक्किरार’, म्हणजे येशू हाक मारतो आहे. त्यांच्या सभांना लाखोंची गर्दी होई. १९८०च्या दशकात त्यांनी चेन्नईत ‘प्रार्थना मनोरा’ उभारला. पत्राने वा दूरध्वनीने आपली व्यथा कळविणाऱ्यासाठी तेथे रात्रंदिवस प्रार्थना केली जाऊ लागली. रोगमुक्तीच्या त्यांच्या दाव्यांवर टीका झाली, आणि ती गैरवाजवी होती असे म्हणता येणार नाही. परंतु रात्री दोन वाजता झोप न येणाऱ्या माणसाला दुसऱ्या टोकाला कोणी तरी जागे आहे हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. दिनकरनांना स्वतःला त्या दिवशी रुळांपासून परत आणले तेही कोणी तरी वाटेत भेटल्यानेच.

ह्याच गरजेला दिलेले वेगळे उत्तर पाहण्यासाठी थोडे लंडनकडे वळावे लागेल. चॅड वाराह ह्या अँग्लिकन धर्मगुरूला तरुणपणी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला होता. तिला पाळी आली होती. आपल्याला काही भयंकर रोग झाला असे समजून, कोणाला विचारता न आल्याने, तिने जीव दिला होता. १९५३ साली वाराह ह्यांनी आपल्या चर्चच्या तळघरात, आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सुरू केला. त्यांना भेटण्यासाठी माणसे येऊन बसू लागली, तेव्हा त्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक ठेवले गेले. लवकरच असे आढळले की चहा देणाऱ्याशी बोलून झाल्यावर बऱ्याच जणांना वाराह ह्यांना भेटण्याची गरजच उरत नाही. धर्मगुरूने त्यावरून योग्य तो बोध घेतला आणि काम स्वयंसेवकांच्या हाती दिले. त्यांनी उपदेश करावयाचा नाही, धर्मप्रचार करावयाचा नाही, फक्त ऐकावयाचे, हा नियम ठरला. एक धर्मगुरू आपल्याच संस्थेत प्रवचनाला मनाई करतो, ही घटना ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात लक्षणीय मानावी लागेल.

वाराह ह्यांच्या कार्यातून निघालेल्या जागतिक चळवळीशी संलग्न अशी ‘स्नेहा’ ही संस्था मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी १९८६ साली चेन्नईत स्थापन केली. ती धार्मिक संस्था नाही. तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक समोरच्याचे बोलणे ऐकून घेतात. त्याचे नाव सांगण्याची सक्ती नसते. सुनामीनंतर ह्या स्वयंसेवकांनी किनाऱ्यावरील वस्त्यांत जाऊन शोकग्रस्त कुटुंबांच्या भेटी घेतल्या. इयोबाच्या कथेत त्याचे मित्र प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले होते. तोवर त्यांची काही चूक झाली नव्हती. पुढे ते बोलू लागले, इयोबाच्या दुःखाची कारणे त्याला समजावून सांगू लागले, आणि कथेच्या अखेरीस देवाने दोष दिला तो त्यांना.

‘स्नेहा’च्या कार्याचा एक भाग कायद्याशी व शासनाशी संबंधित आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतात दीर्घकाळ गुन्हा समजला जात असे. अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर पोलिसांचे भय जास्तीचे लादले जाई व त्यामुळे उपचारही लपवून करावे लागत. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र मानसिक ताणाने ग्रस्त समजावे, शिक्षा करू नये आणि शासनाने तिची काळजी घ्यावी अशी तरतूद केली, त्यासाठी डॉ. विजयकुमार ह्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. शालान्त परीक्षांच्या निकालाच्या दिवसांत होणाऱ्या मृत्यूंकडेही संस्थेने लक्ष वेधले. तमिळनाडूत आता नापास झालेल्या विद्यार्थ्याला थोड्याच अवधीत पुरवणी परीक्षेला बसता येते. उत्तीर्ण झाल्यास त्याचे वर्ष वाया जात नाही आणि तो आपल्या सोबत्यांबरोबरच पुढच्या वर्गात जातो.